पाच वाजता कुलूप लागणारं ग्रंथालय

मागच्या ऑक्टोबरात माझ्या मावसबहिणीने मला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. रेल्वे प्लॅटफॉर्मवरचा सिमेंटचा बाक, त्यावर उघडी वही, शेजारी जेवणाचा रिकामा डबा, वर ट्यूबलाइट आणि तिच्याभोवती घोंगावणारे किडे. खाली लिहिलं होतं, "ताई, आज चांगली जागा मिळाली. पंख्याखाली."

ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज आमच्याच विरार-डहाणू मार्गावर. प्रॅक्टिकल संपतं साडेचारला, कॉलेजच्या ग्रंथालयाला कुलूप लागतं पाचला. तिची गाडी त्यानंतर बऱ्याच वेळाने. मधला वेळ ती प्लॅटफॉर्मवर अभ्यास करते. घरी गेल्यावर अभ्यास होत नाही, कारण घर दोन खोल्यांचं आणि माणसं पाच. त्यात टीव्ही, आजीचा खोकला आणि नववीतल्या भावाची पाठांतरं. तिने एकदा धीर करून ग्रंथालयातल्या सरांना विचारलं, "सर, सात वाजेपर्यंत उघडं ठेवता येईल का?" सर म्हणाले, "का? घरी अभ्यास करता येत नाही का तुम्हाला?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. नाही सर, करता येत नाही. आणि करता आला असता, तर ग्रंथालय नावाची गोष्ट माणसाने काढलीच नसती.

आमच्याकडचं भूगोल

मी वैतरण्याची. मुंबईकरांना वैतरणा म्हणजे पाणी, तलाव, महापालिकेची पाइपलाइन. आमच्यासाठी वैतरणा म्हणजे विरारनंतरचं पहिलं स्टेशन, चर्चगेटपासून साधारण अडुसष्ट किलोमीटरवर. लोकल डहाणूपर्यंत जायला २०१३ साल उजाडलं, पण विरारच्या पुढे दोन गाड्यांमधलं अंतर मिनिटांत मोजत नाहीत. इकडे गाडी चुकली की दुपार चुकते.

आमचं विद्यापीठ मुंबईचं. स्थापना १८५७. हद्द मुंबईपासून पार सिंधुदुर्गापर्यंत, संलग्न महाविद्यालयं आठशेच्या वर. त्याची मोठी ग्रंथालयं दोन ठिकाणी आहेत. फोर्टमधलं, राजाबाई टॉवरच्या पोटातलं, आणि कलिन्यातलं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय. वैतरण्याहून कलिना पन्नास किलोमीटरच्या आसपास, डहाणूहून त्याच्या दुप्पट. म्हणजे कागदावर माझ्या मावसबहिणीला लाखो पुस्तकं उपलब्ध आहेत. तिथे जाऊन तासभर बसायचं तर तिचा अख्खा दिवस जातो. जव्हार-मोखाड्याच्या मुलीचा तर प्रश्नच नाही, तिला आधी स्टेशनच गाठायचं असतं.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला वेगळा झाला. २०११च्या जनगणनेप्रमाणे इथली सदतीस टक्क्यांहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे. घरातलं पहिलं कुणीतरी कॉलेजात जातंय, असं इथे अजूनही सर्रास असतं. त्या पहिल्या मुलाच्या किंवा मुलीच्या घरात अभ्यासाचं टेबल नसतं. टेबल घ्यायला पैसे नसतात हे एक कारण. टेबल ठेवायला जागा नसते हे दुसरं. आणि 'हिला दोन तास हाक मारू नका' असं घरात कुणी कुणाला सांगायची पद्धत नसते, हे तिसरं. तिसऱ्या कारणावर तर कुठलीही शिष्यवृत्ती चालत नाही.

आता याच जिल्ह्यात काय काय आहे ते बघा. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तारापूरला, १९६९पासून. शेजारी बोईसरची एमआयडीसी. कोळगावात सिडकोने उभारलेलं जिल्हा मुख्यालय. वाढवणला ७६,२२० कोटींच्या बंदराला केंद्राने २०२४मध्ये मंजुरी दिली. बुलेट ट्रेनची दोन स्टेशनं, विरार आणि बोईसर, याच पट्ट्यात. बंदर हवं की नको हा या लेखाचा विषय नाही. माझा मुद्दा एवढाच, की ज्या जिल्ह्यासाठी हजारो कोटींचे आकडे सहज बोलले जातात, तिथल्या मुलीला संध्याकाळी सहा वाजता बसायला खुर्ची मागितली की 'बजेट नाही' हे उत्तर मिळतं.

माझं कॉलेज, माझं ग्रंथालय

मी इंजिनीअरिंग केलं ते एका खाजगी कॉलेजात. ग्रंथालयाच्या दाराशी पाटी होती. पिशव्या बाहेर ठेवा. स्वतःची पुस्तकं आत आणू नका. लॅपटॉपला परवानगी नाही. शांतता राखा.

शेवटची सूचना पाळायला फार कष्ट पडायचे नाहीत, कारण आत कुणी नसायचंच. ज्याला स्वतःचं पुस्तक, स्वतःची वही आणि लॅपटॉप यांपैकी काहीच आत नेता येत नाही, तो आत जाऊन करणार काय? संदर्भग्रंथ कपाटात, कपाटाला काच, काचेला कुलूप. पुस्तक हवं असेल तर चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं. पण पुस्तक बघितल्याशिवाय त्याचं नाव कसं कळणार, हे चार वर्षांत मला कुणी सांगितलं नाही. एकेका विषयाच्या ठरलेल्या पुस्तकाच्या सहा प्रती आणि वर्गात सत्तर मुलं. मग आम्ही स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून शेवटच्या आठवड्यात नोट्स घ्यायचो आणि पास व्हायचो. भिंतीवरचे प्लग पॉइंट चिकटपट्टीने बंद केलेले होते. कॉम्प्युटर इंजिनीअरिंग शिकवणाऱ्या कॉलेजात.

दुसऱ्या वर्षाला असताना नॅकची समिती येणार म्हणून ग्रंथालय रंगवलं. नवे सोफे आले, 'वाचनकट्टा' अशी पाटी लागली, चिकटपट्ट्या निघाल्या. आम्हाला वर्गवार बोलावून वापर-नोंदवहीत मागच्या तारखांच्या सह्या करायला लावल्या. तीन दिवस ग्रंथालय खरोखर चांगलं होतं. समिती गेली आणि पुढच्या सोमवारी सोफ्यांवर प्लास्टिक परत चढलं. माझ्या मनात तेव्हा राग नव्हता. असंच असतं, एवढंच वाटलं होतं. राग आता येतो, कारण त्या तीन दिवसांनी एक गोष्ट सिद्ध केली होती : त्यांना जमत होतं.

माझ्या वर्गात वाढीवची एक मुलगी होती. वाढीव-वैतीपाडा म्हणजे वैतरणा खाडीतलं बेट, दोन रेल्वे पुलांच्या मधलं. तिथली माणसं स्टेशनला यायला वर्षानुवर्षं रेल्वेच्या पुलावरून चालत आली आहेत, आणि त्या पुलावर अपघात होऊन माणसं गेलीही आहेत. तिला अंधार पडायच्या आत पूल ओलांडायचा असायचा. संध्याकाळी सातपर्यंत ग्रंथालय उघडं राहून तिचा उपयोग झाला नसता. तिला हवी होती सकाळी सातची वेळ, आणि पुस्तक आठवडाभर घरी न्यायची मुभा. मी तिची गोष्ट मुद्दाम सांगते आहे. 'वेळ वाढवा' ही मागणी सगळ्यांना पुरत नाही. आधी विचारावं लागतं, की येणारी मुलं कुठून येतात, कशी येतात आणि परत कधी जातात. आमच्या कॉलेजच्या पाच वाजताच्या कुलपाचं वेळापत्रक कर्मचाऱ्यांच्या ड्यूटीवरून ठरलं होतं. गाड्यांचं वेळापत्रक कुणी उघडूनही बघितलं नव्हतं.

बागेतला मुलगा

हे आजचं गाऱ्हाणं नाही. चर्नी रोड स्टेशनला लागून एक बाग आहे. एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकणारा एक मुलगा शाळा सुटल्यावर तिथे वाचत बसायचा, कारण परळच्या चाळीतल्या खोलीत जागा नव्हती. तिथेच त्याला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी हेरलं. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. घरी तो रात्री लवकर झोपायचा आणि वडील त्याला पहाटे दोनला उठवायचे, कारण त्याच वेळी खोलीत शांतता असायची. तोच मुलगा पुढे कोलंबियाला आणि लंडनला गेला, ग्रंथालयाचं दार उघडताच आत शिरायचा आणि बंद होईपर्यंत उठायचा नाही. नंतर दादरला घर बांधलं तेही पुस्तकांसाठी.

बाबासाहेबांची ही गोष्ट आपण दर जयंतीला सांगतो, आणि सांगताना त्यांच्या जिद्दीवर थांबतो. गोष्टीचा उरलेला अर्धा भाग असा, की इतक्या हुशार मुलाला हे शहर एक खुर्ची देऊ शकलं नाही. केळुसकर त्या बागेत आले नसते तर काय झालं असतं, हा प्रश्न आपण टाळतो. जिद्दीचं कौतुक फुकट असतं. खुर्चीला पैसे पडतात.

पुढे वरळीला या. पोदार रुग्णालयाजवळ एक रस्ता आहे, त्याला सगळे 'अभ्यास गल्ली' म्हणतात. बीडीडी चाळीतली खोली एकशे साठ चौरस फुटांची, म्हणून चाळीतली मुलं पिढ्यान् पिढ्या त्या रस्त्यावरच्या दिव्यांखाली बसून शिकली. अलीकडे महापालिकेने गल्ली सुशोभित केली, बाक आणि दिवे लावले. चांगलं केलं. पण ती बातमी वाचताना मला लाज वाटली. रस्त्यावर अभ्यास करणाऱ्या मुलांना आपण चांगला रस्ता दिला.

आणि याच मुंबईत प्रेमचंद रायचंद यांनी एकोणिसाव्या शतकात विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. मनोरा १८७८ला पूर्ण झाला, २०१५मध्ये त्याची डागडुजी होऊन तो पुन्हा झळाळला, आणि २०१८ला तो परिसर जागतिक वारसा यादीत गेला. मी तिथे गेले आहे. रंगीत काचा, लाकडी छत, सुंदर आहे. पण विद्यापीठाच्या ग्रंथालयाची परीक्षा त्या मनोऱ्यावरून घ्यायची नसते. ती घ्यायची सर्वांत लांबच्या संलग्न कॉलेजातल्या खोलीवरून.

एकेक आक्षेप

मी हे बोलायला लागले की मला ठरावीक पाच उत्तरं मिळतात. ती क्रमाने घेते.

पहिलं : 'आजची मुलं वाचत नाहीत, रील बघतात.' बघतात. मीही बघते. पण माझ्या मावसबहिणीच्या प्लॅटफॉर्मवर तिच्यासारखी अजून चार-पाच मुलं बसलेली असतात. तिथे पंखा आहे म्हणून ती बसतात, आणि ग्रंथालय उघडं असतं तर तिथे बसली असती. रिकाम्या ग्रंथालयाकडे बोट दाखवून 'बघा, कुणी येत नाही' म्हणणं म्हणजे दुकान बंद ठेवून गिऱ्हाईक नाही म्हणून रडणं.

दुसरं : 'पुस्तकं चोरीला जातील.' काही जातील. झिजून फाटलेलं पुस्तक आणि कपाटात वीस वर्षं कोरं राहिलेलं पुस्तक, यांत वाया कोणतं गेलं? एस. आर. रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम पुस्तकाच्या वापराचा आहे, आणि त्याचं विवेचन करताना ते कशाबद्दल लिहितात? ग्रंथालयाची जागा, उघडण्याच्या वेळा, टेबलं-खुर्च्या आणि कर्मचारी. नव्वद वर्षांहून जास्त काळ झाला. त्यांच्या जयंतीला, १२ ऑगस्टला, कॉलेजांमध्ये ग्रंथपाल दिन साजरा होतो. फोटोला हार घालतात आणि पाच वाजता कुलूप लावतात.

तिसरं : 'मुलींच्या सुरक्षेचा प्रश्न आहे.' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. ग्रंथालय बंद झालं की मुलगी आपोआप सुरक्षित होत नाही, ती प्लॅटफॉर्मवर जाते. दिवे लागलेली, माणसं असलेली, रखवालदार आणि स्वच्छतागृह असलेली खोली जास्त सुरक्षित की फलाटाचं टोक? बनारस हिंदू विद्यापीठात २०१६ साली चोवीस तास ग्रंथालय मागणाऱ्या विद्यार्थ्यांना निलंबित केलं होतं. इतकी साधी मागणी, आणि शिक्षा इतकी. मुलींच्या काळजीचं नाव पुढे करून बाहेरचं एकेक दार बंद करत नेलं, की शेवटी घर उरतं. आणि घरी अभ्यास होत नाही, इथूनच आपण सुरुवात केली होती.

चौथं : 'पैसे कोण देणार?' चला, हिशेब करू. समजा दोन हजार विद्यार्थ्यांचं कॉलेज आहे. ग्रंथालय संध्याकाळी पाच ते नऊ उघडं ठेवायला एक सहायक आणि एक रखवालदार लागेल. दोघांना महिना पंधरा-पंधरा हजार धरा, विजेचे पाच हजार धरा. महिन्याला पस्तीस हजार, दहा महिन्यांचे साडेतीन लाख. माणशी वर्षाला एकशे पंचाहत्तर रुपये. खाजगी अभ्यासिकेत मी शेवटच्या वर्षाला एका खुर्चीचे महिन्याला हजार रुपये भरत होते, आणि तेव्हा माझ्या घरी ते परवडत होतं. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी परवडत नव्हतं. पैसे नाहीत असं नाही. ते आधीच खर्च होत आहेत, फक्त एकेकट्या घराच्या खिशातून, आणि ज्यांच्या खिशात नाहीत त्यांना प्लॅटफॉर्म आहे.

पाचवं उत्तर खरं अवघड आहे : 'मग ग्रंथालयाची अभ्यासिका होईल. मुलं एमपीएससीचे गठ्ठे घेऊन येतील आणि तुमच्या कपाटातलं एकही पुस्तक उघडणार नाहीत.' हे होईल. मी नाकारत नाही. जिथे नोकरीचा दुसरा रस्ता दिसत नाही तिथे मुलं स्पर्धा परीक्षेची पुस्तकंच आणणार. पण मी स्वतःपुरतं सांगते. त्या खाजगी अभ्यासिकेत एका कोपऱ्यात कुणीतरी ठेवून दिलेली जुनी पुस्तकं होती. अल्गोरिदम वाचून कंटाळा आला की मी त्यांतलं एखादं उचलायचे. कथा-कादंबऱ्या वाचायची सवय मला त्या कोपऱ्याने लावली, कॉलेजच्या काचेच्या कपाटाने नाही. माणूस आधी बसायला येतो. बसला की कधीतरी मान वर करतो. त्या वेळी समोर उघडं कपाट असेल एवढं बघणं ग्रंथपालाचं काम आहे.

ॲपची गोष्ट

मी सॉफ्टवेअरवाली आहे, त्यामुळे मीही आधी तोच मूर्खपणा केला. २०२२मध्ये आम्ही तीन मित्रमैत्रिणींनी शनिवार-रविवार खर्चून आमच्या जुन्या कॉलेजसाठी एक ॲप बनवलं. ग्रंथालयातली कुठली खुर्ची रिकामी आहे ते फोनवर दिसेल, आधीच आरक्षित करता येईल. दिसायला छान होतं. प्राचार्यांनी आमच्याबरोबर फोटो काढला. ॲप कुणीही वापरलं नाही. का वापरतील? खुर्च्या दिवसभर रिकाम्याच होत्या आणि पाचनंतर खोली बंद होती. कुलूप ही अडचण होती आणि आम्ही तिच्यावर स्क्रीन चढवून आलो होतो.

गेल्या वर्षी मावसबहिणीच्या निमित्ताने मी जरा वेगळं शोधलं. इन्फ्लिबनेट नावाची केंद्र सरकारी संस्था आहे, तिची 'एन-लिस्ट' ही योजना. महाविद्यालयाने वर्षाला काही हजार रुपये भरले की हजारो नियतकालिकं आणि लाखो ई-पुस्तकं खुली होतात, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचं लॉगिन मिळतं, घरून वापरता येईल असं. मी तिला म्हटलं, तुमचं कॉलेज सभासद आहे का बघ. होतं. पैसे दरवर्षी भरले जात होते. पण विद्यार्थ्यांची नावं आणि ईमेल यांची यादी कुणी चढवलीच नव्हती, त्यामुळे लॉगिन फक्त काही प्राध्यापकांकडे होते. ग्रंथपाल निवृत्त झाले होते, पद भरलेलं नव्हतं, आणि जे सहायक सर होते ते एकटेच पुस्तकं देणं-घेणं, नोंदी, धूळ सगळं बघत होते. माझ्या बहिणीला 'घरी अभ्यास करता येत नाही का' विचारणारे सर हेच.

मी एका शनिवारी गेले. सरांशी बोलले. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. मुलांनी गोळा केलेली नावं आम्ही दोघांनी बसून एका एक्सेल फाइलमध्ये भरली. दोन तास लागले. आठवड्याभरात मुलांना लॉगिन मिळाले. माझ्या पूर्ण नोकरीत मी याहून उपयोगाचं काम केलं असेल असं मला वाटत नाही, आणि त्यात प्रोग्रामिंगची एक ओळ नव्हती.

म्हणून मला 'डिजिटल' या शब्दाने आता भुलायला होत नाही. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही मोठी योजना जानेवारी २०२५पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी, तीस प्रकाशक, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं. उत्तम आहे. पण ती सरकारी उच्चशिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. आमच्या मार्गावरची बहुतेक कॉलेजं शिक्षण मंडळं आणि ट्रस्ट चालवतात. मोठ्या पाटावरून पाणी सोडलं आणि आमच्या शेताकडे चारीच काढली नाही, असं हे आहे. २०१६च्या विद्यापीठ कायद्याने ग्रंथालयाला 'ज्ञानस्रोत केंद्र' असं भारदस्त नाव दिलं. नावात स्रोत आला. नळ अजून यायचा आहे.

मग काय हवं?

मोठी इमारत नको. उद्घाटनाची कोनशिला तर नकोच. मागण्या साध्या आहेत.

एक, वेळ. सकाळी सात ते रात्री नऊ, परीक्षेच्या महिन्यात त्याहून जास्त, आणि रविवारी अर्धा दिवस. वेळ ठरवताना गाड्यांचं आणि एसटीचं वेळापत्रक समोर ठेवा.

दोन, एक कार्ड. मुंबई विद्यापीठाच्या कुठल्याही संलग्न कॉलेजच्या विद्यार्थ्याला त्याच्या घराजवळच्या कुठल्याही संलग्न कॉलेजात बसता यावं. सफाळ्याचा मुलगा विरारला शिकत असेल तर त्याने रविवारी पालघरच्या ग्रंथालयात का बसू नये? परीक्षा एका विद्यापीठाची, फी एका विद्यापीठाची, मग खुर्ची प्रत्येक कॉलेजची वेगळी कशी?

तीन, स्वतःचं पुस्तक आणि लॅपटॉप आत नेऊ द्या, प्लग पॉइंट उघडे ठेवा, पिण्याचं पाणी आणि चालू स्वच्छतागृह द्या. मुलींसाठी शेवटची गोष्ट सर्वांत आधी.

चार, प्रवेश घेतला त्या दिवशी ओळखपत्राबरोबर ई-साधनांचं लॉगिन.

पाच, ग्रंथपालाचं रिकामं पद भरा. वरच्या चारही गोष्टी एका दमलेल्या माणसाच्या जिवावर होणार नाहीत. त्याच्यावर ओरडून तर नाहीच.

यातलं काहीही नवं नाही. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात १९१०नंतर फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या खेडोपाडी जात होत्या. आणि आमच्या जिल्ह्याला तर बाहेरचे दाखले लागूही नयेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५मध्ये बोर्डीला काम करू लागल्या, १९५७ला कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी मुलांना नावं ठेवली नाहीत. जिथे गुरं चरत होती तिथे, कुरणावर शाळा नेली. तिला 'कुरणशाळा' म्हणत. मुलगा कुठे आहे आणि त्याच्याकडे कोणता वेळ आहे, हे आधी बघायचं आणि मग शाळा कशी असावी ते ठरवायचं. हीच गोष्ट ग्रंथालयाला का लागू होऊ नये?

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी बरेच जण आत्ता कुठल्या तरी गाडीत, फलाटावर किंवा जिन्यात बसून वाचत असतील. तुम्हाला एकच काम सांगते. एक आठवडा तुमच्या ग्रंथालयाची वेळ, खुर्च्यांची संख्या, चालू प्लग पॉइंट आणि बंद झाल्यावर बाहेर थांबणारी मुलं मोजा. आकडे लिहा. मग अर्ज करा, सह्यांसकट, आणि पोच घ्या. अनुदानित कॉलेज असेल तर माहिती अधिकार आहे : ग्रंथालयासाठी किती शुल्क गोळा झालं आणि कशावर खर्च झालं हे विचारता येतं. रागाच्या स्टेटसला कुणी उत्तर देत नाही. पोच घेतलेल्या अर्जाला द्यावं लागतं.

माझ्या मावसबहिणीने असाच अर्ज केला. एकशे बारा सह्या होत्या. सहा आठवड्यांनी सूचना लागली : परीक्षेच्या काळात ग्रंथालय प्रायोगिक तत्त्वावर सायंकाळी सात वाजेपर्यंत उघडे राहील. तिने सूचनेचा फोटो पाठवला, त्यानंतर टेबलाचा. टेबलाभोवती आठ जणं बसली होती, एक मुलगा खिडकीत.

ग्रंथालय आता सातला बंद होतं. तिची गाडी सात पन्नासची आहे. पन्नास मिनिटं ती अजून फलाटावर बसते. दुसरा अर्ज लिहून तयार आहे.